केनियाला निघण्याआधी गावच्या डेअरीवर बस

प्रश्न : ताई, मी तासगाव तालुक्यातली, सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका फेलोशिपमधून नऊ आठवड्यांसाठी पश्चिम केनियात माझी निवड झाली आहे. तिथला एक सामाजिक उद्योग छोट्या शेतकऱ्यांचं दूध गोळा करून, थंड करून विकतो. बेदाण्याच्या धंद्यातले माझे वडील म्हणतात, हे सोड आणि प्लेसमेंटची तयारी कर. माझं इंग्रजी यथातथाच. नऊ आठवड्यांत मी तिथे नेमकं काय करू शकेन? आणि जावं का?

उत्तर : जा. मिळालेली संधी सोडू नकोस. फक्त निघण्याआधी एक काम कर. तुमच्या गावातल्या दूध डेअरीवर तीन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, संकलनाच्या वेळी जाऊन बस. हे का सांगते ते कळावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी माण तालुक्यातली. २०१४ साली एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला असताना अशाच एका फेलोशिपमधून आठ आठवडे केनियात, केरिचो या चहाच्या मुलखातल्या गावाजवळ राहून आले. परत आल्यावर माणमध्येच एका संस्थेत कामाला लागले. आमच्याकडे दर वर्षी जून ते ऑगस्टमध्ये परदेशी विद्यार्थी येतात. त्यांना काम नेमून देणं, राहायची सोय बघणं, गावातल्या बायकांशी गाठ घालून देणं हे सगळं माझ्याकडे असतं. म्हणजे पाहुणी म्हणूनही हे काम बघितलं आणि यजमान म्हणूनही. यजमान झाल्यावर जे कळलं, ते मला जाण्याआधी कुणी सांगायला हवं होतं.

एका वर्षी दोन मुली आल्या होत्या. हुशार, मनापासून काम करणाऱ्या. टॅबवर ६४ प्रश्न भरून आणले होते. पहिल्याच घरी गेलो तर बाई गोठ्यात म्हशीची धार काढत होती. मी शेजारी दुभाषी म्हणून उभी. तिसरा की चौथाच प्रश्न, तुमचं महिन्याचं उत्पन्न किती? बाईनं मानही वळवली नाही, धार चालूच. म्हणाली, "महिन्याचं कुठलं आलंय? दुधाचं बिल धा दिसाला. शेरडू इकलं तर सणाला. मालकांची ऊसतोडीची उचल दिवाळीआधी आली आन् गेलीबी. आता तूच सांग, महिन्याचं किती लिवायचं." मी इंग्रजीत सांगितलं. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण टॅबवर त्या चौकटीत एकच आकडा टाकता येत होता आणि तो टाकल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नव्हता. शेवटी त्यांनी पाच हजार लिहिलं. तो पाच हजारांचा आकडा दोन महिन्यांनी त्यांच्या अहवालाच्या सरासरीत मिसळून गेलेला मी बघितला.

दोष त्या मुलींना देता येणार नाही. प्रश्नावली त्यांच्या विद्यापीठात बसून पक्की झाली होती, आणि आम्हीही ती आधी मागवून बघितली नव्हती. त्या वर्षापासून आमच्याकडे नियम आहे : पहिला आठवडा कुणालाही काहीही विचारायचं नाही. डेअरीवर बसायचं, बचत गटाच्या बैठकीला मागे बसायचं, बाजाराला जायचं, चहा प्यायचा. ज्यांना हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो, त्यांचंच काम पुढे अडतं, हे मी दर वर्षी बघते.

आता केरिचोची गोष्ट सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे. मी ज्यांच्याकडे गेले होते ते हप्त्यावर सौर दिवे विकत. हप्ता एम-पेसावरून. केनियात २००७ सालापासून मोबाईलवरून पैसे पाठवायची ही सोय आहे, आणि त्यातला 'पेसा' म्हणजे आपला पैसाच. हप्ता भरला की दिवा चालू, थकला की दिवा आपोआप कुलूपबंद. अडचण अशी, की वर्षातल्या काही महिन्यांत थकबाकी एकदम वाढायची. कार्यालयात समज असा होता की लोक ढिले आहेत, आठवण केली की भरतील. तेव्हा आठवणीचे संदेश तयार करणं हे माझं काम ठरलं होतं.

संदेश लिहिण्याआधी मी दोन वर्षांच्या भरण्याच्या याद्या मागितल्या आणि एका मोठ्या कागदावर महिन्यांचे रकाने पाडून उतरवल्या. जानेवारी, मे आणि सप्टेंबर, तिन्ही ठिकाणी खड्डा. मी ज्यांच्या घरी राहत होते त्या बाईंना संध्याकाळी तो कागद दाखवला. त्यांनी बोट ठेवून एकच शब्द उच्चारला, "शूले." शाळा. तिथल्या शाळांची तीन सत्रं त्या काळी याच महिन्यांत सुरू व्हायची आणि फी तेव्हाच भरायची असायची. चहाच्या छोट्या शेतकऱ्याला पानाचे पैसे दर महिन्याला थोडे मिळतात. मोठी रक्कम बोनस म्हणून वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या सुमारास हाती पडते. माझं आजोळ कऱ्हाडकडचं. उसाचं बिल आणि पोरांचा जूनमधला शाळाप्रवेश यांची गाठ कधीच पडत नाही, आणि मग मामी कुणाकडे हात पसरते, हे मी फ्रॉक घालायच्या वयापासून बघत आले होते. त्यामुळे मला पुढचं काही समजावून सांगायची त्या बाईंना गरज पडली नाही.

मी ३८ पानांचा अहवालही लिहिला. तो कुणी वाचल्याचं माझ्या कानावर आलं नाही. पण तो रकान्यांचा कागद तिथल्या हिशेबनिसांनी भिंतीवर चिकटवला, आणि फीच्या महिन्यांत निम्मा हप्ता घ्यायचा, उरलेला बोनसच्या वेळी, असा प्रयोग त्यांनी एका भागात करून बघितला. आठ आठवड्यांत माझ्या हातून झालेलं काम एवढंच. आणि ते झालं माझ्या पदवीमुळे कमी, आजोळी बघितलेल्यामुळे जास्त.

म्हणून डेअरी. केनियात दूध मुख्यतः छोट्या शेतकऱ्यांकडूनच येतं आणि त्यातलं बरंचसं कच्चंच, हातोहात विकलं जातं. पुष्कळ ठिकाणी संकलन फक्त सकाळी होतं. संध्याकाळचं दूध घरात ठेवायला थंडाव्याची सोय नसते, मग ते घरी संपतं, शेजारी जातं किंवा नासतं. तुझ्या यजमानांचं निम्मं दुखणं इथे असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडे दोन्ही वेळा दूध जातं. ते कसं जमतं, गाडी कधी येते, बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करायची मोठी टाकी, कुठल्या गावात आहे, चार अंशांपर्यंत दूध उतरायला किती वेळ लागतो, तोवर उन्हाळ्यात काय करतात? रोज डेअरीवर दूध घालणाऱ्या घरातल्या मुलीलाही हे सांगता येत नाही, कारण आपण किटली ठेवतो, पावती घेतो आणि निघतो.

तिथे बसलीस की नमुना कसा काढतात ते बघ. फॅट कमी लागली की माणूस काय बोलतो आणि सेक्रेटरी त्याला काय उत्तर देतो, हे शब्दशः वहीत लिही. दहा दिवसांच्या बिलातून पेंडीची कपात कशी होते, उचल कुणाला देतात, कुणाला देत नाहीत. नेहमी उशिरा येणारी बाई का उशिरा येते. पहिल्या आठवड्यात नुसतं बघ. दुसऱ्यात दहा जणांशी बोल, प्रश्नावली न घेता. तिसऱ्यात सेक्रेटरींना विचार, रोज डोक्याला ताप देणारी एक गोष्ट कोणती? त्यावर एका पानात मावेल असं काहीतरी करून दे. तू गेल्यावर पंधरा दिवसांनी भावाला डेअरीत डोकावायला सांग. पान भिंतीवर आहे की रद्दीत गेलं? केनियात नऊ आठवडे करायचंय ते हेच, फक्त भाषा दुसरी.

तू इंजिनिअरिंगची आहेस म्हटल्यावर कुणीतरी 'ॲप करून दे' म्हणणारच. घाई करू नकोस. नऊ आठवड्यांत केलेलं ॲप दहाव्या आठवड्यात अडलं तर ते कोण उघडणार? ते लोक आज ज्या वहीत किंवा ज्या एक्सेलमध्ये हिशेब ठेवतात, त्यातच एखादा रकाना सुधारून दिलास, किंवा तपासणी यंत्र रोज कसं धुवायचं त्याचा चित्रांचा तक्ता तिकडच्या किस्वाहिली भाषेत करून लावलास, तर ते वर्षानुवर्षं चालेल. आत्ताच यजमानांना ईमेल कर आणि विचार, की माझं काम संपल्यावर ते रोज कोण वापरणार आहे, आणि त्या व्यक्तीसोबत मला पहिल्या दिवसापासून बसता येईल का. उत्तरात साहेबांचं नाव आलं तर पुन्हा विचार. कामाचा माणूस हिशेबनीस असतो, संकलनाचा मुकादम असतो, गाडीवाला असतो.

इंग्रजीची काळजी सोड. केनियात कार्यालयाचं काम इंग्रजीतच चालतं, पण ती त्यांचीही शिकलेली भाषा आहे. छोटी वाक्यं, सावकाश बोलणं, कळलं नाही तर लगेच विचारणं. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं, आणि अडलं ते इंग्रजीमुळे नव्हे. अडलं ते दुभाष्यापाशी. बाई पाच मिनिटं हातवारे करून बोलायची, आणि आमचा तरुण दुभाषी सांगायचा, "ती हो म्हणते." पहिले चार दिवस मी तेच 'हो' लिहून घेतलं. मग एका दुपारी त्याच्यासोबत निवांत बसले, त्याला सांगितलं की तू गाळतोस तेच मला हवंय. बाई गायीबद्दल बोलली, नवऱ्याबद्दल बोलली, तरी सगळं सांग. त्या दिवसापासून वही भरायला लागली. तू हे पहिल्याच दिवशी कर.

किस्वाहिली थोडी तरी शिकून जा. अर्धी ओळखीचीच वाटेल. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, बिमा म्हणजे विमा, हेसाबू म्हणजे हिशेब, चाय आणि चपाती तर आहेच. नात्यांचे शब्द मात्र नीट घोकून ठेव. तिकडे दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई. बाबा तेवढे बाबाच. वयस्क बाईला आदरानं मामाच म्हणतात. मला पहिला आठवडाभर समोरच्या माउलीला मामा म्हणताना जीभ अडायची. आणि वेळ. किस्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे 'एक वाजला'. मला बायकांच्या गटाची बैठक 'सा न्ने' ला आहे असं कळलं. न्ने म्हणजे चार, एवढं मी शिकले होते. दुपारी चारला पोहोचले तेव्हा अंगणात फक्त कोंबड्या होत्या. बैठक सकाळी दहाला होऊन गेली होती. हे गट म्हणजे 'चामा'. दर आठवड्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम काढायची आणि पाळीपाळीनं एकीला द्यायची. आपली भिशीच. त्या बायकांना मी भिशीचे नियम सांगितले, त्यांनी मला त्यांचे, आणि पाळी चुकवणाऱ्या बाईचं काय करायचं यावर आमचं तासभर चाललं. माझ्या सगळ्या मुलाखतींत तो तास सर्वांत कामाचा.

तुझ्या वडिलांबद्दल. त्यांची शंका रास्त आहे, आणि ती टाळून जाऊ नकोस. सामाजिक उद्योग म्हणजे काय हे त्यांना सांगताना अडलीस तर आमच्या म्हसवडचं उदाहरण दे. चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं तेव्हा सभासद बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी बँक उभी राहिली. ती देणगी वाटत नाही. कर्ज देते, वसूल करते, आणि चालते. तू जाणार आहेस तेही धर्मादाय नाही, धंदाच आहे. फक्त कुणासाठी चालवायचा हे आधी ठरवून काढलेला. बेदाण्याच्या सौद्यात माल हातावर घेऊन, रंग बघून दर ठरताना तुझ्या वडिलांनी आयुष्यभर जे बघितलंय, ते त्यांच्याकडून समजून घे. चहाच्या पानाच्या केंद्रावर तिकडचा शेतकरीही असाच तराजूकडे डोळे लावून उभा असतो. यजमान संस्थेच्या माणसाशी वडिलांचं व्हिडिओ कॉलवर एकदा बोलणं करून दे, तू मध्ये दुभाषी हो. माझ्या वेळी हे झालं नाही. त्या जुलैत पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ होती. बातम्यांत 'आफ्रिका' एवढाच शब्द ऐकून आईनं तीन दिवस जेवण सोडलं होतं. लायबेरिया आणि केनिया यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर आहे, हे तिला नकाशावर आधी दाखवलं असतं तर तिचे ते तीन दिवस वाचले असते.

प्लेसमेंटचं म्हणशील तर खरी अडचण तारखांची आहे. परदेशी विद्यापीठांचा उन्हाळा तो आपला पावसाळा. फेलोशिप जूनच्या मध्यावर सुरू होऊन ऑगस्टमध्ये संपते, आणि आपली नवी सत्रं जून-जुलैतच सुरू होतात. हजेरीचा प्रश्न येतो, आणि चौथ्या वर्षी कंपन्याही त्याच सुमारास यायला लागतात. विभागप्रमुखांकडून आत्ताच लेखी परवानगी घे. या कामाला इंटर्नशिपचे गुण मिळतील का, ते त्याच पत्रात लिहून घे. तोंडी 'बघू' वर विसंबून राहू नकोस. आमच्याकडच्या एका मुलीचं अख्खं सत्र अशा 'बघू' मुळे गेलं आहे.

अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत हे काम चांगलं बांधलेलं असतं. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा विद्यापीठाच्या फेलोशिपमध्ये विद्यार्थी आधी एक सत्र तयारीचा वर्ग करत, मग उन्हाळ्यात काही आठवडे सामाजिक उद्योगात राहत, आणि परतल्यावर आणखी एक सत्र जे बघितलं त्यावर लिहीत. तुझ्या पत्रावरून दिसतं की तुला फक्त मधला भाग मिळतोय. पुढचा-मागचा तुला स्वतः उभा करावा लागेल. पुढचा म्हणजे डेअरी. मागचा म्हणजे परत आल्यावर तुझ्याच कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकांना महिन्यातून दोनदा भेटून लिहीत राहायचं. त्यांना आत्ताच गाठून ठेव.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२४ पासून केनियाला जाताना व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते, पण ती घेतली म्हणजे संस्थेत काम करायची मुभा मिळाली असं नाही. कोणता परवाना लागेल आणि तो कोण काढणार, हे यजमानांकडून लेखी घे. पीतज्वराची लस घ्यायलाच हवी. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, आधी नाव नोंदवावं लागतं, आणि दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. दाखल्याशिवाय परतलीस तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. पश्चिम केनियात व्हिक्टोरिया सरोवराकडे मलेरिया आहे, तेव्हा गोळ्यांचं डॉक्टरांना विचार. तिकीट, विमा, राहणं-जेवण यातलं फेलोशिप काय देते आणि तुझ्या पदरचं किती जातं, हे वडिलांसमोर कागदावर मांड. आणि पुढे कधी मैत्रिणींनी विचारलं तर सांग, की 'फी भरा आणि अनाथाश्रमात सेवा करा' म्हणणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. दर दोन आठवड्यांनी नवी ताई येते आणि जाते, त्याचा त्रास त्या लेकरांना होतो.

रोजच्या राहण्यात एवढंच. कुटुंबात राहायची सोय मागून घे, लॉजवर नको. बोडा-बोडा, म्हणजे तिकडची भाड्याची मोटारसायकल, ओळखीच्या माणसाचीच, आणि हेल्मेट असेल तरच. अंधार पडायच्या आत घरी. मुलांचे फोटो काढू नकोस. मोठ्यांचेही आधी विचारून, आणि काढलेला फोटो छापून त्यांच्या हातात द्यायचा. केरिचोत रोज दुपारी पाऊस येतो आणि गारठा असतो, तू त्या बाजूला जाणार असशील तर स्वेटर घे. मी माणची, मला वाटलं होतं आफ्रिका म्हणजे ऊनच असणार. तिथलं मुर्सिक दिलं तर नाही म्हणू नकोस. भोपळ्याच्या तुंब्यात, आतून कोळशानं घासून, विरजलेलं दूध असतं. राखाडी दिसतं, आंबट लागतं. विरजणावर बोलायला लागलीस की दुधाच्या धंद्यातल्या कुठल्याही बाईशी तुझं जमेल.

सातव्या आठवड्यानंतर नवीन काहीही सुरू करू नकोस. शेवटचे दोन आठवडे नुसते सोपवण्याचे. जी व्यक्ती पुढे ते काम करणार, तिनं तुझ्यासमोर ते चार वेळा करून बघायला हवं, आणि तू हात मागे बांधून बसायचं. फाइल त्यांच्या संगणकावर, त्यांच्या भाषेतल्या नावानं ठेव. नोव्हेंबरमध्ये एक फोन कर आणि विचार, काय मोडलं? मला तो फोन करायला दीड वर्ष लागलं. तोवर ते हिशेबनीस दुसरीकडे गेले होते आणि भिंतीवरचा कागद नव्यानं रंग देताना निघाला होता. सुदैवानं माझ्याकडे त्याचा फोटो होता, तो मी त्याच रात्री पाठवला.

लसीची तारीख मिळाली की कळव. डेअरीवरची वही भरली की ती घेऊन एकदा माणला ये. तू त्यात कोणते प्रश्न लिहिलेत ते बघून मगच केनियाच्या कामाचं बोलू.